चण लहान, आवाज मोठा

रामबाग, इंदूर
श्रावणातला रविवार

प्रिय शुभे,

परवा फोनवर तू विचारलंस, "कुत्रं आणताय की नाही, एवढंच सांग," आणि मी विषय बदलला. सई शेजारीच बसली होती गं. तिच्यासमोर 'नाही' म्हणायची सोय नाही, आणि 'बघू' म्हटलं की ती त्याचा अर्थ 'हो' असाच घेते. म्हणून हे पत्र. सावकाश वाच, लांबणार आहे.

तिला हवाय जॅक रसेल टेरियर. पांढरा, तपकिरी ठिपक्यांचा, कान दुमडलेले. तिचा मुद्दा एकच: "आई, तो लहान असतो." लहान असतो हे खरं आहे. खांद्यापाशी उंची 25 ते 30 सेंटिमीटर आणि वजन 5-6 किलो. तुझ्या लॅब्रॅडॉरचं, ब्रूनोचं, नुसतं डोकं तेवढं भरेल. श्रीलाही हे पटलं: जागा कमी, खाणं कमी, अंघोळ बादलीभर पाण्यात. घरात मी एकटीच शंका काढणारी. शाळेत सातवी-आठवीच्या वर्गांवर इतकी वर्षं काढल्यावर 'लहान आहे, त्रास देणार नाही' यावर माझा विश्वास राहिलेला नाही.

मग मी वाचायला बसले. हे कुत्रं लहान का, याचंच उत्तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. ते लहान आहे कारण त्याला कोल्ह्याच्या बिळात शिरायचं होतं. इंग्लंडात डेव्हन परगण्यात जॉन रसेल नावाचे एक पाद्री होते. शिकारीचा भारी नाद. 1819 साली ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांनी एका गवळ्याकडून ट्रंप नावाची कुत्री घेतली आणि तिच्यापासून ही जात वाढवली. (म्हणजे इकडे होळकरांची राजधानी इंदूरला येऊन जेमतेम वर्ष झालं होतं, तेव्हा तिकडे हे चाललेलं.) बिळात शिरायचं, कोल्ह्याला बाहेर काढायचं आणि तोवर आतून भुंकत राहायचं, कारण वर उभ्या असलेल्या माणसांना कुठे खणायचं ते त्या आवाजावरूनच कळणार. लक्षात येतंय ना? जमीन उकरणं आणि भुंकणं या त्याच्या खोडी नाहीतच. ती त्याची नोकरी होती. दोनशे वर्षं निवडून निवडून पक्की केलेली.

आणखी एक गोष्ट. तुझा ब्रूनो मालकाच्या तोंडाकडे बघत बसतो, कारण लॅब्रॅडॉरचं काम सांगितलं की जायचं, पडलेला पक्षी उचलून आणायचा आणि हातात द्यायचा. बिळातल्या टेरियरला सांगणारं कोणीच नसतं. अंधारात समोर दात विचकणारा कोल्हा, आणि काय करायचं ते त्याचं त्यानं ठरवायचं. म्हणून लोक याला हट्टी म्हणतात. मी म्हणेन, स्वतंत्र बाण्याचा. एकाच छपराखाली सासूबाई, श्री, सई आणि मी असताना आणखी एक स्वतंत्र बाण्याचा प्राणी झेपेल का, हा खरा प्रश्न आहे.

तबकडीवरचं कुत्रं आठवतं? एचएमव्हीच्या भोंग्यासमोर मान तिरकी करून बसलेलं? सासऱ्यांच्या कपाटात तशा अजून ढीगभर आहेत. तोही टेरियर, बरं का. नाव निपर, जन्म 1884, गाव ब्रिस्टल. पाहुण्यांच्या पोटऱ्यांना हळूच चावे काढायचा म्हणून ते नाव पडलं. आपण लहानपणी त्याला किती गरीब समजायचो!

वाचून पोट भरेना, तेव्हा श्रीच्या ऑफिसातल्या एकांचा बिट्टू आम्ही मागून आणला. चार वर्षांचा जॅक रसेल, विजयनगरात राहतो. त्यांना लग्नाला जायचं होतं, आम्हाला परीक्षा घ्यायची होती. शनिवारी सकाळी आला. आल्या आल्या त्यानं सगळं घर नाकानं मोजलं, मग बैठकीच्या भिंतीवर एक पाल दिसली आणि तिच्याकडे बघत तो तासभर बसून राहिला. सईनं बिस्किट दाखवलं, चेंडू दाखवला, छे. दुपारी वरच्या बिऱ्हाडकरूंची मांजर जिन्यात आली आणि मग जे झालं त्यात जिन्यावरच्या दोन कुंड्या गेल्या. मांजर बचावली, पण वरच्या वहिनी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांचंही बरोबर आहे. पळणारी लहान वस्तू दिसली की हे कुत्रं विचार करत नाही. आमच्या पेरूवरच्या खारींनी तर त्या दिवशी अंगणात पाऊलच ठेवलं नाही.

संध्याकाळी त्याला गल्लीत फिरवायला नेलं. कोपऱ्यावर ती पाच-सहा कुत्र्यांची टोळी असते, तुझ्या मागे लागली होती तीच. बिट्टू थांबेल, घाबरेल असं मला वाटलं. तो पट्टा ताणून मागच्या दोन पायांवर उभा राहून त्यांना आव्हान देत होता! आपण केवढे आहोत याचा हिशेब या जातीच्या डोक्यात नसतो. शेवटी श्रीनं त्याला काखोटीला मारून घरी आणलं.

आणि रविवारी पहाटे त्यानं मागच्या हौदापाशी घूस मारली.

तुला माहीत आहे, आमच्या जुन्या वाड्यात घुशींनी किती उच्छाद मांडलाय. पिंजरे झाले, बिळांत काचा भरून झाल्या. सासूबाईंचा आळूचा वाफा दर पावसाळ्यात पोखरून जातो. बिट्टूनं अर्धा वाफा स्वतः उकरला, पण घूस बाहेर काढली, मानेला धरून दोन झटके दिले आणि आणून पायरीवर ठेवली. सासूबाई वॉकर टेकत दारात आल्या, घुशीकडे पाहिलं, बिट्टूकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "याला दूध द्या." आदल्या रात्रीपर्यंत 'भुंकतं मेलं' म्हणून कानातलं यंत्र काढून ठेवणारी बाई ती हीच.

मी मात्र हरखले नाही. लगेच डॉक्टरांना फोन लावला. महूच्या पशुवैद्यकीय कॉलेजातून शिकून आलेले, फार शांतपणे समजावून सांगतात. ते म्हणाले, घूस-उंदीर मारणाऱ्या कुत्र्याला लेप्टोस्पायरोसिसची लस दरवर्षी हवीच. तो आजार उंदरांच्या मुतातून पसरतो आणि माणसांनाही होतो. आणि घरात उंदराचं औषध टाकत असाल तर आधी ते बंद करा, कारण विष खाल्लेला उंदीर कुत्र्यानं खाल्ला तर तेच विष त्याच्या पोटात जातं. आमच्या कोठीत त्याच्या वड्या होत्याच. त्या त्याच दिवशी काढल्या.

आता सासूबाईंचं. वय 79, गुडघे तुला ठाऊक आहेत. सकाळी दहा ते दोन त्या घरात एकट्या असतात. त्या वेळात पायात घुटमळणारं पाच किलोचं विजेचं चक्र मला परवडणारं नाही. ब्रूनो आडवा पडला तर निदान दिसतो तरी! हे दिसतच नाही. शिवाय चार तास काम नाही म्हटल्यावर ते स्वतःच काम काढणार, आणि ते काम आळूच्या वाफ्यात नाहीतर सोफ्याच्या गादीत असणार.

मग सईनं दुसरा पर्याय पुढे केला, यॉर्कशायर टेरियर. हा 3 किलोच्या आसपास. याचेही पूर्वज गिरण्यांत उंदीर मारायचे, पण आता रेशमी केस आणि कपाळावर बो. केस कमी गळतात हे खरं, पण ते वाढतच राहतात, म्हणजे रोज विंचरायचे. सई स्वतःची वेणी माझ्याकडून घालून घेते. दात लवकर किडतात, ते रोज घासायचे. श्वासनलिका नाजूक, म्हणून गळ्यात पट्टा नको, छातीवरून जाणारा हार्नेस. आणि हाडं अशी की आमच्या त्या उंच पलंगावरून उडी मारली तर पुढचा पाय मोडू शकतो. पांढऱ्या वेस्टीचीही (वेस्ट हायलँड व्हाइट टेरियर) चौकशी केली. त्याला त्वचेची ऍलर्जी फार होते म्हणे, तिथेच मी फाईल मिटली.

यॉर्कीच्या निमित्तानं एक विकणारा भेटला. 'टी-कप यॉर्की, चाळीस दिवसांचं पिल्लू, बस स्टँडवर आणून देतो.' आई बघायला मिळेल का विचारलं तर ती 'बाहेरगावी' आहे! टी-कप अशी जातच नाही, शुभे. ती नुसती जास्त खुरटलेली पिल्लं. आणि 2017 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, विकणाऱ्याची राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते ती वेगळीच. हे ऐकवल्यावर त्यानं फोन ठेवला. जिथे आई दिसत नाही तिथून पिल्लू घ्यायचं नाही, हे आमचं ठरलं. तेवढ्यावर तरी घरात एकमत आहे.

खाण्याचं तुला सांगायला नको, पण आमच्या इंदूरचं काय ते तू जाणतेस. इथे दारात आलेल्याला शेव दिल्याशिवाय कोणी राहत नाही. पोह्यांतला कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, शिऱ्यातले बेदाणे मूत्रपिंडावर जातात, हे मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्या वेळची कुत्री सगळं खायची." त्यावर काय बोलणार? रंगपंचमीच्या गेरीचे, म्हणजे त्या मिरवणुकीचे, भोंगे आणि दिवाळीचे सुतळी बॉम्ब यांवर तर माझ्याकडे उपायच नाही. उन्हाळ्याचं मात्र जमेल. मे महिन्यात पारा 42 वर गेला तरी माळव्यातल्या रात्री गार असतात, तेव्हा पहाटे पाचला आणि रात्री साडेनवाला फिरवायचं.

पण पाचला कोण उठणार? सगळं इथे येऊन अडतं. टेरियर तेरा-चौदा वर्षं सहज जगतो, पंधरा-सोळाही. सई आठवीत आहे. चार वर्षांनी ती पुण्याला नाहीतर बंगळुरूला जाईल, आणि तिचं कुत्रं माझं होईल. ते म्हातारं होईल तेव्हा मी साठीत असेन. त्यामुळे 'सईसाठी कुत्रं' हा शब्दप्रयोगच मी घरात बंद केलाय. आणायचं तर श्रीनं आणि मी आपलं म्हणून आणायचं.

म्हणून मी एक अट घातली आहे. दसऱ्यापर्यंत कुत्रं न आणता कुत्र्याचा दिनक्रम पाळायचा. पहाटेची फेरी श्रीची, रात्रीची सईची, पाऊस असो, परीक्षा असो, मॅच असो. हातात पिशवी आणि खुरपं घेऊन जायचं, कारण स्वच्छतेत देशात पहिल्या आलेल्या शहरात घाण रस्त्यावर सोडून कसं चालेल? सकाळी दहा ते दोनसाठी कोणीतरी शोधायचं किंवा मागच्या अंगणाला जाळी मारायची. हे जमलं तर पिल्लू नाही, तीन-चार वर्षांचं समजूतदार कुत्रं बघायचं. ज्याचे मालक परदेशी चाललेत किंवा ज्यांना ठेवणं जमत नाही, असं. जॅक रसेलच हवा असं नाही, थोडं टेरियर अंगात असलेलं मिश्र जातीचंही चालेल. मला तेच जास्त आवडेल.

सई अजून एकदाही चुकलेली नाही. छत्री घेऊन, रिकामा पट्टा हातात धरून जाते, आणि गल्लीतले लोक मला विचारतात की मुलीचं बरं आहे ना. श्रीचं तू विचारूच नकोस. काल म्हणाला, "कुत्रं आलं की आपोआप उठेन." मी म्हटलं, आधी ऊठ.

तुझं खरं मत कळव. ब्रूनो आला तेव्हा भाऊजींनी किती महिने पहाटेची फेरी मारली आणि मग ती तुझ्या गळ्यात कधी पडली, हेही लिही. मला ते वाक्य श्रीला वाचून दाखवायचं आहे. काकूंना नमस्कार.

तुझी,
मंगल

ता. क. हे पत्र सासूबाईंनी वाचून घेतलं. त्यांचा निरोप: कुत्रं आणा किंवा आणू नका, पण गणपतीच्या आधी त्या बिट्टूला दोन दिवस बोलवा, हौदामागे अजून एक बीळ आहे.