उत्तीर्ण झाल्यानंतरचे अंतर

संपादक महोदय,

नोकरीनिमित्त इंग्लंडला येणारी मराठी कुटुंबे आम्हा इथल्या पालकांकडे हल्ली घरभाड्याइतकीच ग्रामर स्कूलची, म्हणजे प्रवेश परीक्षा घेऊन मुले निवडणाऱ्या सरकारी माध्यमिक शाळांची, चौकशी करतात. ‘मुलगी हुशार आहे, परीक्षा सहज पास होईल’ असे ते विश्वासाने सांगतात आणि पास होणे म्हणजेच प्रवेश मिळणे, असे धरून चालतात. या समजुतीमुळे मुलांची होणारी निराशा जवळून पाहिल्याने हे पत्र लिहीत आहे.

इंग्लंडमध्ये १६३ सरकारी ग्रामर स्कूल उरल्या असून १९९८ च्या कायद्यानुसार नव्या काढता येत नाहीत. सहावीच्या आरंभी, सप्टेंबरात, मुले ‘इलेव्हन प्लस’ ही प्रवेश परीक्षा देतात, ३१ ऑक्टोबरपर्यंत अर्ज भरायचा असतो आणि १ मार्चला शाळा कळते. मी राहतो त्या बकिंगहॅमशायरमध्ये अशा १३ शाळा आहेत. तेथे १२१ गुण मिळाले की मूल पात्र ठरते. १३५ मिळवणारे मूल त्याच्या पुढे जात नाही. पात्र मुले जागांपेक्षा जास्त झाली, की सरकारी देखभालीतील मुले, भावंडे, शाळेचे कॅचमेंट (शाळेसाठी ठरवलेला परिसर) असे निकष लागतात आणि अखेरीस बहुतेक ठिकाणी घरापासून शाळेपर्यंतच्या अंतरावर निर्णय होतो. हे अंतर सहसा नकाशावर सरळ रेषेत, मैलाच्या दशांश अंशांपर्यंत मोजतात. मध्ये नदी किंवा मोटारवे आला तरी रेषा वळत नाही. मोफत शालेय बसचा हक्क ठरवताना मात्र तेच अंतर पायी जाण्याच्या रस्त्याने मोजले जाते, याचे मला आजही नवल वाटते.

आरटीईच्या प्रवेशातील एक आणि तीन किलोमीटरच्या मर्यादा महाराष्ट्रातील पालकांना ठाऊक आहेत. इथे अनेक शाळांत अशी ठरलेली मर्यादाच नसते. ‘गेल्या वर्षी इतक्या मैलांपर्यंत प्रवेश मिळाला’ हा आकडा म्हणजे शेवटची जागा मिळालेल्या मुलाचे घर किती दूर होते, एवढीच नोंद असते. यंदा भावंडे जास्त आली किंवा शाळेजवळ नवी वसाहत उभी राहिली, की तो आकडा आक्रसतो. आमच्या परिचयातील एका कुटुंबाने या आकड्याच्या भरवशावर ऐपतीबाहेरचे भाडे भरून घर घेतले. मुलगी पात्र ठरली, पण त्या वर्षीची रेषा त्यांच्या घराच्या अलीकडेच थांबली. आपण नापास झालो का, हा तिचा प्रश्न ऐकून तिच्या आईला काय उत्तर द्यावे हे सुचेना.

अंतराचा निकष मुळातच चुकीचा आहे, असे मी म्हणणार नाही. केवळ गुणानुक्रमाने प्रवेश देणाऱ्या शाळांत मुले तासन्‌तास प्रवास करून येतात आणि शेजारच्या गल्लीतले मूल बाहेर राहते. परंतु शाळेजवळची घरे महाग होत जातात, तेव्हा हा निकष पालकांच्या पगाराची परीक्षा होऊन बसतो. बर्मिंगहॅमच्या किंग एडवर्ड ग्रामर स्कूल गरीब घरांतील पात्र मुलांना प्राधान्य देतात. प्रत्येक ग्रामर स्कूलने अंतर मोजण्यापूर्वी असे प्राधान्य द्यावे, असे मला मनापासून वाटते.

तोवर येणाऱ्या कुटुंबांना कळकळीची विनंती अशी, की घराचा करार करण्यापूर्वी त्या त्या शाळेचे त्याच वर्षाचे प्रवेश धोरण वाचावे आणि कोणत्या तारखेचा पत्ता धरला जातो ते पाहावे. नातेवाइकांचा पत्ता देण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. खोटा पत्ता उघडकीस आल्यास मिळालेली जागाही काढून घेतली जाते. अर्जातील पसंतीक्रम पाहून शाळा जागा देत नाहीत, त्यामुळे ग्रामर स्कूलखाली घराजवळची एखादी सर्वांसाठी खुली असलेली शाळा लिहिल्याने काहीही बिघडत नाही. अर्जातील तो रकाना अवश्य भरावा आणि ती शाळाही मुलीला आधीच दाखवून आणावी.

आपला,
एक पालक, बकिंगहॅमशायर