कॅनव्हास घरीच राहिले

लातूर, रविवार

चि. मनी,
अनेक आशीर्वाद.

काल स्टँडवर मी गप्प होते ते तुझ्या अण्णांशी वाद झाला म्हणून नाही. "कॅनव्हास नेत नाही, आता वेळ कुठं मिळणार," असं तू म्हणालीस, तेच डोक्यात घोळत होतं.

असो. रुग्णांना चित्रं काढायला देऊन त्यांचं मन मोकळं करायचं, हे आर्ट थेरपीचं काम तू आता सुरू करतेयस, म्हणून वॉर्डातलं तेवढं सांगते. पहिल्याच दिवशी जलरंग काढू नकोस. पाणी पसरतं, रंग हाताबाहेर जातो, आणि आधीच घाबरलेलं माणूस अजून बिथरतं. तेलखडू दे, कागद अर्धाच दे. कोरा मोठा कागद अंगावर येतो. कडेनं चौकट आखून दिलीस तर हात लवकर चालतो. मातीचा स्पर्श काहींना नकोसा होतो, जबरदस्ती नको. कात्र्या मोजून द्यायच्या, मोजून घ्यायच्या. तासातली शेवटची १५ मिनिटं बोलण्यासाठी राख, नाहीतर माणूस मन उघडं टाकून तसंच खाटेवर परत जातं.

तुझा हात शिवशिवणार. कुणाचं छप्पर वाकडं दिसलं की पेन्सिल उचलशील. उचलू नकोस. "छान" सुद्धा म्हणू नकोस; पुढच्या वेळी ते तुला आवडावं म्हणून काढतात. "ह्यात काय चाललंय?" एवढंच विचार. काळा रंग म्हणजे दुःख, असं ठरवून मोकळी होऊ नकोस. कधी कधी डब्यात काळाच खडू अख्खा उरलेला असतो. चित्रामागं तारीख, चित्र कुलपात. ते त्यांचं आहे. विचारल्याशिवाय कुणाला दाखवायचं नाही, फोटो तर नाहीच.

झालं माझं लेक्चर सुरू. माफ कर, तू शिकूनच चाललीस. पण दिवसभर दुसऱ्यांची चित्रं पोटात घेऊन खोलीवर येशील, मग तुझी कुठं उतरणार? १९४२ मध्ये ज्यांनी 'आर्ट थेरपी' हे नाव दिलं ते एड्रियन हिल चित्रकारच होते. क्षयानं सॅनेटोरियममध्ये पडले होते तेव्हाही काढत राहिले. दर आठवड्याचं सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी थेरपिस्टसमोर आपल्या कामाबद्दल बोलणं, चुकवू नकोस, आणि ब्रशही वाळू देऊ नकोस.

किल्लारीच्या भूकंपानंतर आजी पत्र्याच्या शेडपुढं काडीनं घर काढायची. ओसरी, बळद, न्हाणी, चूल. माळवदाच्या जिन्यापाशी आली की काडी थांबायची. पुसायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा ओसरीपासून. आम्ही कुणीच तिला काही विचारलं नाही. तू विचारलं असतंस. तुझ्याकडं बघून मला हे वाटतं, अण्णांनाही वाटतं, ते बोलत नाहीत एवढंच.

दोन कॅनव्हास आणि ब्रशचा डबा उद्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पाठवते, पहाटे उतरवून घे. वरच्या पिशवीत धपाटे आहेत, दोन दिवसांत संपव.

तुझी,
आई