एकोणव्वद रुपये फक्त

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवाच्या पुरवणीतला तो ओपन सोर्सवरचा (म्हणजे सगळ्यांना खुला ठेवलेला कोड) लेख काल सकाळी वाचला (पेपर मला एक दिवस उशिरा मिळतो, त्याबद्दल शेवटी बोलतो) आणि हातातला चहा गार झाला. "घ्या, वापरा, कुणाला विचारायची गरज नाही." बरोबर आहे हो, विचारू नकाच. पण विचारायचं नसलं तरी ज्याचं आहे त्याचं नाव काढून टाकायचं नाही ही अट बहुतेक लायसन्सांत असते, तिच्यावर लेखकाने एक ओळही खर्च केलेली नाही. आम्ही म्हणतो नाव ठेवा, लोक नावं ठेवतात.

माझंच सांगतो. २०१६ साली मी एक बारकी लायब्ररी (दुसऱ्यांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये घालायचा तयार कोड) लिहिली होती, आकडा द्या, ती मराठीत अक्षरी लिहून देते. इंग्रजीत वीसपर्यंत आणि मग दहा-दहाचे शब्द आले की काम भागतं, आपल्याकडे शंभरपर्यंत प्रत्येकाचा शब्द वेगळा, त्यामुळे अख्खी यादी हाताने टाईप करावी लागते. रात्री एकला टाईप करताना ८९ ला मी 'एकोणव्वद' लिहिलं, एक न खाल्ला, आणि ७७ ला 'सत्याहतर'. शिवाय 'अक्षरी रुपये' नंतर चुकून दोन स्पेस. आईने (ती प्राथमिक शिक्षिका होती) कान धरला तेव्हा पुढच्या व्हर्जनमध्ये सगळं दुरुस्त केलं. लायसन्स एमआयटी, म्हणजे विका, बदला, काहीही करा, फक्त कॉपीराईटची ओळ आणि तो परवानगीचा मजकूर सोबत राहू द्या. अर्धं पान पण भरत नाही तो.

गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या एका पतसंस्थेत हप्ता भरायला गेलो, पावती आली ४,७८९ ची. 'अक्षरी रुपये  चार हजार सातशे एकोणव्वद फक्त'. दोन स्पेससकट! मी खिडकीसमोर उभाच राहिलो, मागचे काका म्हणाले सरका पुढे. घरी येऊन विचार केला की योगायोग असेल, एवढी चूक कुणीही करेल. मग दुसऱ्या दिवशी मुद्दाम बचत खात्यात ७७ रुपये भरायला गेलो. कॅशियर ताईंनी दोनदा विचारलं, सत्त्याहत्तरच का? म्हटलं हो, सत्त्याहत्तरच. पावतीवर 'सत्याहतर' आलं तेव्हा मला आनंद झाला का राग आला हे अजून नीट सांगता येत नाही.

मग त्यांचं ॲप उघडून आत बघितलं तर माझी यादी जशीच्या तशी, वरची कॉपीराईटची ओळ तेवढी गायब. ती बहुतेक मुद्दाम नसेल काढलेली, कोड बारीक करणारी टूल्स कॉमेंट (कोडमधल्या टिपा, ती ओळ त्यातच असते) उडवतात, कॉमेंटच्या सुरुवातीला उद्गारचिन्ह टाकलं तर शक्यतो ठेवतात. ते मी पण टाकलं नव्हतं, ते माझं चुकलं. पण मग 'थर्ड पार्टी लायसन्स' असं एक पान ॲपमध्ये टाकायला काय होतं? सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना फोन केला तर पोरगा म्हणाला, सर आमचं सगळं इन-हाऊस आहे. म्हटलं, एकोणव्वद पण इन-हाऊस का? थोडा वेळ शांतता, मग म्हणे ओपन सोर्सच आहे ना सर, मग प्रॉब्लेम काय? पैसे मागितले नव्हते मी. एक ओळ मागितली होती.

आणि नाव सोडा, तुमच्या वाचकांना नावात रस नसेल. चूक मी कधीच दुरुस्त केलीय, ती यांच्यापर्यंत पोचलीच नाही, कारण कोणे एके काळी उचलून आत टाकलं आणि काय टाकलं ते कुठेही लिहून ठेवलं नाही. माझ्या लायब्ररीत एक न गेला. डिसेंबर २०२१ ला लॉग४जे या जगभर वापरल्या जाणाऱ्या जावा लायब्ररीत सुरक्षेचं मोठं भोक सापडलं तेव्हा लोक जारच्या (जावा कोडचं गाठोडं) पोटातल्या जारमध्ये ते शोधत बसले होते, सणासुदीला माळ्यावरचं भांडं शोधतात तसे. लायसन्ससाठी ठेवायची यादी आणि अशा वेळी लागणारी यादी एकच असते हो.

आमच्यातले लोक शहाणे आहेत असंही नाही. २०२१ च्या मार्च एंडला रेल्सवाल्यांचं (रेल्स ही वेबसाईट बनवायची तयार चौकट) बिल्ड, म्हणजे सगळे तुकडे जोडून ॲप तयार करणं, जगभर बंद पडलं (मी पण त्यातच होतो, घरूनच काम, बायको विचारतेय जेवायला येणार का), कारण माइममॅजिक नावाचं एमआयटीचं लेबल लावलेलं पॅकेज, त्याच्या आत जीपीएलची (हे लायसन्स कडक, त्यातलं काही घालून वाटलं तर आपला कोडही त्याच अटींवर खुला करावा लागतो) एक एक्सएमएल फाईल निघाली. कुणीतरी दाखवून दिल्यावर जुनी व्हर्जन्स मागे घेतली गेली आणि रेल्सला दोन-तीन दिवसांत नवीन रिलीज काढावे लागले. एका फाईलपायी! अपाची फाउंडेशनकडे (ओपन सोर्स प्रकल्प चालवणारी संस्था) निदान तीन होकार मिळाल्याशिवाय रिलीज बाहेर पडत नाही आणि पॅकेजात खरंच जे भरलंय त्याची लायसन्स फाईलमध्ये नोंद आहे का हे बघणं त्या मतदानातलंच काम आहे. कंटाळवाणं काम आहे, मान्य. म्हणूनच त्यावर लेखात दोन वाक्यं हवी होती.

जाता जाता, पेपर उशिरा येतो म्हणून तुमचं ई-पेपरचं ॲप घेतलं, पैसे भरून. रोज लॉगआऊट होतं. फॉन्ट मला मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचा 'मुक्ता' वाटला, छान निवड, तोही मोफत आहे, पण ॲपात घालून द्यायचा तर त्याच्या लायसन्सचा मजकूर सोबत लागतो. 'आमच्याविषयी' वर टॅप करून बघितलं, तिथे तुमचा लोगो आणि व्हर्जन नंबर आहे, बाकी काही सापडलं नाही. चूकभूल देणे घेणे.

आणि हो, काल परत हप्ता भरला. एकोणव्वदच.

आपला,
एक वर्गणीदार वाचक, चिंचवड