खोली नंबर 14 मधली ती कॉइल

पुणे, 11 ऑगस्ट

प्रिय शुभे,

सहा महिने पत्र नाही, फोन नाही. रागाव हवं तर, पण आधी हे वाच. आम्ही बरे, माईंचं बीपी ताब्यात. झालं.

चिनू बालवाडीत जायला लागल्यापासून दर पंधरा दिवसांनी सर्दी, मग खोकला, मग रात्री छातीत घरघर. परवा अडीचला जाग आली तर पोर उशीला टेकून बसलेलं. श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती, गळ्याखाली खळगा पडत होता. आणि मला आपली होस्टेलची खोली नंबर 14 दिसली. तू ट्रंकेला पाठ लावून बसलेलीस, आणि मी डासांसाठी कॉइल लावलेली. "नाटकं करू नकोस," म्हणाले होते. आठ दिवस बोलली नव्हतीस, आणि मला वाटलं तू उगाच ताणतेयस. शुभे, चुकलं माझं. फार चुकलं.

त्यात रक्ताचा रिपोर्ट आला. आयजीई, म्हणजे ॲलर्जीत वाढणारं रक्तातलं प्रथिन, 612, शेजारी छापलेलं 60 पर्यंत. लॅबच्या जिन्यातच बसले मी. पोराला जन्माचा दमा लागला, एवढंच डोक्यात. माईंनी केळं, दही आणि भात, तिन्ही बंद केलं. भातासाठी चिनूने जो सत्याग्रह केला, त्यापुढे तुझं मेसमधलं वांगीविरोधी आंदोलन फिकं!

डॉक्टरीणबाईंनी आकडा एकदाच पाहिला. मग विचारत राहिल्या: सर्दी नसताना खोकतो का? धावल्यावर, हसल्यावर? अंगाला खाज सुटते? आई-बाबांपैकी कुणाला दमा? म्हणाल्या, एकूण आयजीई जंतांनीही वाढतं. आणि आकडा कमी असला तरी ॲलर्जी असू शकते. त्यावरून कशाची ॲलर्जी तेही कळत नाही, आजार किती मोठा तेही नाही. बालवाडीतल्या मुलाला वर्षाला सहा-आठ सर्द्या होतातच, या वयातली बहुतेक घरघर व्हायरसने होते. पण चिनूच्या कोपराच्या आतल्या बाजूला चट्टे आहेत, ह्यांना लहानपणी दमा होता, आणि तो हसला की खोकतो. म्हणून कातडीवर टोचून तपासणी केली. गादी-उशीतल्या धुळीत राहणारे माइट निघाले. डोळ्यांना न दिसणारे, कोळ्यांचे भाऊबंद, आपल्या अंगावरून झडलेल्या कातडीवर जगणारे.

तू अकरावीला जीवशास्त्र शिकवतेस म्हणून सांगते: हे आयजीई 1966 च्या सुमारास डेन्व्हरला इशिझाका नवरा-बायकोने शोधलं, आणि चाचण्या स्वतःच्याच पाठीवर टोचून घेतल्या. तुझ्या मुलींना आवडेल.

तर, आजीच्या नऊवारीची गोधडी. तिच्याशिवाय चिनू झोपत नाही, आणि ती कडकडीत गरम पाण्यात दर आठवड्याला धुवायची. पहिल्यांदा बादलीत टाकली तर काठाचा लाल रंग पाण्यात उतरला. आजीचे हात आठवले. ऑगस्टमध्ये वाळणार कशी? पंख्याखाली पसरली आणि चिनू रात्री दहापर्यंत तिच्या शेजारी फरशीवर बसून राहिला.

आता रोज सकाळ-संध्याकाळ स्पेसर, म्हणजे दम्याच्या पंपाला जोडायची नळी. मास्क तोंडावर, झडप टक्‌टक्‌ वाजते, आम्ही दहा मोजतो, सातला तो हात ढकलतो. "पंपाची सवय लागते," माई म्हणतात. तुझी आईही हेच म्हणायची ना? म्हणून तू पंप पायमोज्यात दडवायचीस, आणि मी तुला त्यावरूनही चिडवलं होतं. आता माईंना मीच सांगते, पंप फुप्फुसात थेट औषध पोचवतो म्हणून डोस कमी लागतो, आणि दम लागल्यावर वाट पाहत बसायचं नसतं.

तुझी बदली झाल्याचं सुमीकडून कळलं. एसटीचा रोजचा प्रवास झेपतो का? धुळीचं काय? बाबांचा गुडघा कसा आहे?

एक सांग. चिनू तीन वर्षांचा, त्याला सांगता येत नाही. तू त्या रात्री ट्रंकेला टेकून बसायचीस तेव्हा कुणी पाठीवर हात ठेवलेला चालला असता, की त्यानेही अडकल्यासारखं वाटायचं? मी ठेवते आणि मग काढते. पत्र नको, फोनच कर, कितीही वाजता.

तुझीच,
मंजू