डेव्हिल्स लेकसाठी दोन दिवस राखून ठेव

मॅडिसन, विस्कॉन्सिन

प्रिय नंदू,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तू शिकागोला येतोयस हे कळल्यापासून माझं लक्ष कामात नाही. काम आटोपलं की शहरात रेंगाळू नकोस, सरळ इकडे ये. आपण डेव्हिल्स लेकला जाऊ. मॅडिसनहून गाडीने तासाभराच्या अंतरावर, बाराबू गावाजवळचं हे स्टेट पार्क 1911 पासूनचं आहे.

तळं तसं लहान, साधारण 360 एकरांचं. पण भोवती सुमारे 500 फूट उंचीचे कडे! दगड क्वार्टझाइट, जांभळट गुलाबी. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा; हा दीडशे कोटींहूनही जुना. मुळात ही पाण्याखालची वाळू. काही शिळांवर त्या पाण्याने उमटवलेल्या वळ्या अजून बोटांना जाणवतात. हिमयुगात हिमनदीने दगडमातीचे ढीग आणून या दरीची दोन्ही तोंडं बुजवली आणि मध्ये पाणी अडलं. वर उभं राहिलं की हे सगळं समोर दिसतं, कुणी समजावून सांगावं लागत नाही.

पूर्वेकडच्या कड्यावर बॅलन्स्ड रॉकच्या, म्हणजे तोल सांभाळून उभ्या असलेल्या शिळेच्या, वाटेने चढू. चढण उभी आहे, पण दगडी पायऱ्या आहेत. 1930 च्या दशकातल्या मंदीत सरकारने बेकार तरुणांना कामाला लावून इथल्या वाटा बांधून घेतल्या. त्या पोरांचं काम आजही पक्कं आहे. पाऊस असेल तर मात्र जायचं नाही. हा दगड ओला झाला की फार निसरडा होतो.

दुपारी कयाक घेऊ. तळ्यात पेट्रोलच्या बोटींना बंदी आहे, त्यामुळे वल्ह्यांचा आवाज ऐकू येतो. मधूनच काठाने मालगाडी धडधडत जाते, तीही मला आवडते.

काठाजवळ हो-चंक या इथल्या मूळ रहिवासी जमातीच्या लोकांच्या पूर्वजांनी रचलेले, पक्ष्याच्या आणि प्राण्यांच्या आकाराचे मातीचे उंचवटे आहेत. हे तळं त्यांना पवित्र आहे. त्या उंचवट्यांवर पाय द्यायचा नाही, बाजूने फिरून बघायचं.

तेव्हा पानं लाल-पिवळी झालेली असतील, म्हणून शनिवार-रविवारी प्रचंड गर्दी होते. मधले वार बघ. तंबूची जागा आधी राखावी लागते, तेव्हा तारखा लगेच कळव. रात्री कडाक्याची थंडी असते. स्लीपिंग बॅग माझ्याकडे आहे, तू फक्त चांगले बूट आण.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
श्री