रविवारी फोनवर अर्धं राहिलेलं

मेलबर्न

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी बाबा म्हणाले, "देश म्हणजे काय धर्मशाळा आहे?" मी तोंड उघडायच्या आत आईने फोन घेतला आणि भाजी काय केलीस ते विचारलं. बोटीतून ऑस्ट्रेलियात आश्रय मागायला येणाऱ्या लोकांचा विषय निघाला की दर वेळी असंच होतं. म्हणून या वेळी पत्र लिहिते आहे.

बाबा, तुम्हाला येणाऱ्या व्हिडिओंमधलं सगळंच खोटं नाही. २०१३ साली इथे बोटींनी वीस हजारांच्या आसपास माणसं आली. त्याच सप्टेंबरात टोनी ॲबट यांचा पक्ष 'बोटी थांबवा' म्हणत निवडून आला, मोहीम लष्करी अधिकाऱ्याच्या हाती गेली, बोटी भर समुद्रातून माघारी धाडल्या जाऊ लागल्या. आणि बोटी जवळपास थांबल्या. त्याआधी त्या बुडत होत्या हेही खरं. २००१ मध्ये एकाच बोटीबरोबर ३५३ जण गेले. डिसेंबर २०१० मध्ये हिंदी महासागरातल्या, ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातल्या ख्रिसमस बेटाच्या खडकांवर एक लाकडी बोट आपटून फुटली. कड्यावर उभे असलेले रहिवासी वरून लाइफ जॅकेटं फेकत होते, तरी पन्नास माणसं गेली. त्यामुळे "बोटी अडवल्या की जीव वाचतात" असं कुणी म्हटलं तर मी त्याला लगेच ढोंगी ठरवत नाही. काही ढोंगी आहेत, पण सगळे नव्हेत.

माझं भांडण त्यापुढचं आहे. जे जिवंत पोचले त्यांचं काय केलं?

विनाव्हिसा आलेल्याला कोंडायचंच, हा नियम इथे १९९२ पासूनचा, आणि तो ॲबट यांच्या विरोधातल्या लेबर पक्षाचा. २००१ मध्ये 'टाम्पा' नावाच्या नॉर्वेच्या मालवाहू जहाजाने बुडत्या होडीतून ४३३ जणांना उचललं, तर तेव्हाचे पंतप्रधान हॉवर्ड यांच्या सरकारने जहाजावर कमांडो चढवले आणि माणसं ठेवायला पॅसिफिकमधलं नाउरू शोधून काढलं. हा अख्खा देश एकवीस चौरस किलोमीटरचा, आपल्या सोलापूर महापालिकेच्या हद्दीत कितीतरी वेळा मावेल. मग १९ जुलै २०१३ ला पंतप्रधान रड यांनी जाहीर केलं की यापुढे बोटीने येणारा खरा निर्वासित निघाला तरी ऑस्ट्रेलियात कधीच राहू शकणार नाही. म्हणजे आलेल्याला नाउरू नाहीतर पापुआ न्यू गिनीच्या मानुस बेटावर वर्षानुवर्षं ठेवायचं, का, तर पुढच्याला धाक बसावा म्हणून. आई, तू मुलांचं विचारत होतीस. नाउरूवरची शेवटची मुलं फेब्रुवारी २०१९ मध्ये बाहेर पडली.

गेल्या हिवाळ्यात आम्ही बाथरूमच्या फरशा बदलल्या. फरशीवाला अफगाणिस्तानातल्या हजारा या अल्पसंख्य समाजाचा, इथल्याच डँडेनाँग उपनगरात राहतो. बसवलेली प्रत्येक फरशी बोटाच्या पेराने ठोकून आवाज ऐकायचा, पोकळ वाजली की उचलून पुन्हा बसवायचा. कोनाड्याचे वेगळे पैसे लावले, मी बरीच घासाघीस केली, पठ्ठ्याने दाद दिली नाही. चहा घेताना कळलं की तो २०१३ च्या सुरुवातीला इंडोनेशियातून बोटीने आला. छावणीत त्याला बोटीची तीन अक्षरं आणि पुढे एक आकडा यानेच हाक मारत, नावाने नाही. ते सगळं अजून पाठ आहे, आम्हाला म्हणून दाखवलं. पुढे तीन-तीन वर्षांचे तात्पुरते व्हिसा. त्यावर बायकोमुलांना आणता येत नव्हतं. २०२३ च्या फेब्रुवारीत सरकारने त्याच्यासारख्या सुमारे एकोणीस हजार लोकांसाठी कायमच्या व्हिसाची वाट उघडली, तेव्हा कुठे त्याने घरच्यांसाठी अर्ज केला. निघाला तेव्हा मुलगी रांगत होती. फोटोत ती आईपेक्षा उंच दिसते. काही महिने उशिरा निघाला असता, तर १९ जुलैच्या पलीकडे पडला असता.

बाबा, तुम्ही म्हणता, "रांगेत उभं राहून यावं की." कुठल्या रांगेत? जगातल्या शंभर निर्वासितांमागे एकालाही वर्षाला दुसऱ्या देशात रीतसर नेलं जात नाही. १९५१ चा निर्वासितांचा करार सांगतो की धोक्यातून थेट आलेल्याला, विनापरवाना आला म्हणून शिक्षा करू नये. ऑस्ट्रेलियाची त्यावर सही आहे. आपल्या देशाची नाही. सरकार म्हणतं, हे इंडोनेशियात थांबून आले, थेट कुठे आले? मुद्दा अगदीच पोकळ नाही. पण इंडोनेशियाचीही सही नाही आणि तिथे निर्वासिताला कायद्याने काम करता येत नाही. मग थांबायचं किती, आणि खायचं काय?

खरं सांगू? याबाबतीत सगळ्यात कडक बोलतात ते आपलेच लोक. गणपतीच्या जेवणात एक काका श्रीखंडाची वाटी हातात धरून म्हणाले, "आम्ही इंग्रजीची परीक्षा दिली, फी भरली, हे फुकट कसे?" विमानाने, व्हिजिटर व्हिसावर येऊन मग आश्रय मागणारे या बोटवाल्यांपेक्षा अलीकडे कितीतरी जास्त आहेत, आणि त्यांत भारतीयही आहेत. पण त्यांच्यावर कुणी घोषणा बनवत नाही.

उलट बिलोएलाचं बघा. क्वीन्सलँडमधलं कोळशाचं आणि मांस कारखान्याचं लहानसं गाव. तिथल्या एका तमिळ कुटुंबाला, नवरा-बायको आणि दोन छोट्या मुली, मार्च २०१८ मध्ये भल्या पहाटे घरातून उचललं, पुढे ख्रिसमस बेटावर ठेवलं. गाव काही डाव्या विचारांचं नव्हे. पण "आमची माणसं परत द्या" म्हणून ते हटूनच बसलं, आणि जून २०२२ मध्ये कुटुंब परत आलं.

आई मध्येच म्हणाली होती, "तुझी पणजीपण रझाकारांच्या भीतीने रातोरात नळदुर्गकडून सोलापुरात आली होती की." त्यावर बाबांचं उत्तर तयार होतं: ते आपलेच लोक होते. असू दे. मी पणजीचा दाखला देत नाही.

मी देते तो बाबांच्याच शाळेचा. सेटलमेंट फ्री कॉलनीतल्या पोरांना तुम्ही इतकी वर्षं शिकवलंत. एक म्हातारी नातवाचं नाव घालायला आली आणि तिने आधी विचारलं, "गुरुजी, हजेरी दिवसातनं कितींदा?" हे तुम्हीच सांगितलेलं. तिला पोलिसांची हजेरी आठवत होती. इंग्रजांनी १८७१ मध्ये केलेल्या आणि पुढे इकडेही लागू झालेल्या कायद्याने पारधी, कैकाडी, कंजारभाट अशा जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, तारेच्या कुंपणात ठेवल्या, गिरणीत जायचं तर पास. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. स्वातंत्र्य आपल्यापेक्षा पाच वर्षं सोळा दिवस उशिरा मिळालं, असं ती माणसं अजून सांगतात. तुम्ही हे सांगताना चिडायचात. "एकाने केलं असेल, त्यासाठी पाळण्यातलं पोर कशाला आत?" असं म्हणायचात. मी तेच म्हणते आहे, फक्त समुद्र वेगळा.

इथल्या हायकोर्टाला (इथलं सर्वोच्च न्यायालय तेच) हे पटायला वेळ लागला. २००४ मध्ये त्यांनी एका मताच्या फरकाने म्हटलं की परत पाठवायची सोय नसेल तरी माणसाला कोंडून ठेवता येतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये तो निकाल फिरवला आणि असे कोंडलेले लोक सुटले. तुमच्याकडे आला तो आरडाओरडीचा व्हिडिओ त्यानंतरचा. सुटलेल्यांत काही जण गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले होते, हे खरं आहे आणि लोक घाबरले तेही मला कळतं. पण शिक्षा भोगून झाली होती. इथला नागरिक असता तर तो केव्हाच घरी गेला असता.

आईचा गुडघा कसा आहे? जिना चढणं बंद कर म्हटलं होतं. बाबा, बीपीची गोळी सकाळचीच आहे, रात्री घेऊ नका.

आणि बोटी अडवाव्यात की नाही यावर आपलं जुळणार नाही, नाही तर नाही. पण जो किनाऱ्याला लागला त्याची चौकशी किती दिवसांत संपवावी आणि तोवर त्याच्या पोरांना कुठे ठेवावं, एवढं मास्तर म्हणून लिहून पाठवा. व्हिडिओ नको.

तुमची,
मीनू