दुसरी फळी आहे, तिला खेळायला मिळते का?

महोदय,

भारतीय बॅडमिंटनपटूंच्या फॉर्मची चर्चा आपल्याकडे एखादी मोठी स्पर्धा संपली की सुरू होते आणि दोन-तीन परिचित नावांभोवती फिरून थांबते. सिंधू पुन्हा उभी राहील का, सात्त्विक आणि चिराग ही दुहेरीची जोडी क्रमवारीत पुन्हा पहिली येईल का, लक्ष्य सेन ऐनवेळी का ढेपाळतो, हे प्रश्न रास्त आहेत. मात्र त्यांची उत्तरे त्या खेळाडूंच्या मनोबलात शोधण्यापेक्षा त्यांच्या मागे उभ्या असलेल्या, किंवा उभ्या राहू न शकलेल्या, खेळाडूंमध्ये शोधावीत असे मला वाटते. त्यासाठी हे पत्र.

पॅरिस ऑलिंपिकमधील सामने आठवून पाहावेत. २०१२ पासून सलग तीन ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनने देशाला पदक दिले होते. २०२४ मध्ये ती साखळी तुटली. उपांत्य फेरीत लक्ष्य सेन डेन्मार्कच्या व्हिक्टर ॲक्सेलसेनविरुद्ध पहिल्या गेममध्ये २०-१७ असा पुढे होता आणि दुसऱ्या गेमची सुरुवात त्याने ७-० अशी केली होती. तरीही तो सामना २०-२२, १४-२१ असा हातचा गेला. कांस्यपदकाच्या लढतीत मलेशियाच्या ली झी जियाविरुद्ध त्याने पहिला गेम २१-१३ असा सहज घेतला, दुसऱ्यातही आघाडी मिळवली, आणि मग ओळीने गुण गमावत, कोपरातून वाहणारे रक्त पुन्हा पुन्हा पुसून घेत, तो तीन गेममध्ये हरला. सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी आणि चिराग शेट्टी यांनीही उपांत्यपूर्व फेरीत मलेशियाच्या ॲरन चिया आणि सोह वुई यिक यांच्याविरुद्ध पहिला गेम २१-१३ असाच जिंकून सामना गमावला. पुढच्या वर्षी हाँगकाँगच्या अंतिम फेरीत याच जोडीने चिनी जोडीकडून पहिला गेम घेतला आणि उरलेले दोन गमावले. त्याच वर्षी पॅरिसमधल्या जागतिक स्पर्धेत मात्र त्यांनी चिया-सोह यांना हरवून कांस्यपदक पक्के केले. त्यामुळे २०११ पासून प्रत्येक जागतिक स्पर्धेत किमान एक पदक मिळवण्याची भारताची परंपरा टिकली. म्हणजे खेळ खालावलेला नाही. आघाडी घेतल्यावर ती शेवटपर्यंत राखण्यात आपण कमी पडतो आहोत.

हे का होते, याची उत्तरे प्रेक्षक चटकन देतात: दडपण, दमसास, अननुभव. माझ्या मते दमसास हा या प्रश्नाचा अर्धाच भाग आहे. पहिला गेम हरलेला चिनी किंवा कोरियन खेळाडू दुसऱ्या गेममध्ये खेळ बदलतो. तो शटल उंच उचलायचे थांबवतो, सर्व्हिसनंतरचा तिसरा फटका जाळ्यापाशी ठेवतो, रॅली लांबवतो. या बदलाला कोर्टवर तिथल्या तिथे उत्तर देण्याची सवय सरावातच लागते, आणि ती लागण्यासाठी सरावात समोर तितक्याच ताकदीचा खेळाडू लागतो. चीनमधल्या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूला तो रोज देशातच मिळतो. आपल्याकडे एकाच केंद्रात तोडीस तोड खेळाडूंचा मोठा गट तयार झाला, तेव्हा त्याचे फळ लगेच दिसले होते. एप्रिल २०१७ मध्ये सिंगापूरच्या सुपर सीरिजची, म्हणजे तेव्हाच्या वरच्या दर्जाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धामालिकेतल्या स्पर्धेची, अंतिम फेरी साई प्रणीत आणि किदाम्बी श्रीकांत या दोन भारतीयांत झाली आणि प्रणीत जिंकला. त्याच वर्षी श्रीकांतने चार सुपर सीरिज जिंकल्या. दोघेही पुलेला गोपीचंद यांच्या हैदराबादच्या अकादमीत एकमेकांशी झुंजत वाढलेले. मे २०२२ मध्ये बँकॉकला इंडोनेशियाला ३-० असे हरवून आपण थॉमस करंडक, म्हणजे पुरुषांची जागतिक सांघिक स्पर्धा, जिंकला, तोही याच पिढीच्या बळावर. उपांत्यपूर्व आणि उपांत्य अशा पाच-पाच सामन्यांच्या दोन्ही लढती २-२ अशा अडल्या असताना निर्णायक सामने एच. एस. प्रणॉयने जिंकून दिले होते. संघातील तिसरा एकेरी खेळाडू इतका भक्कम असणे, ही त्या विजयाची खरी पुंजी होती. ती पिढी आता उतरणीला लागली आहे. प्रणॉय १९९२ सालचा, श्रीकांत १९९३ चा. साई प्रणीत तर निवृत्तही झाला.

मग पुढे काय? निराश होण्याचे कारण नाही, हे मी आवर्जून लिहितो. आयुष शेट्टीने २०२५ मध्ये अमेरिकन ओपन जिंकली. त्याच स्पर्धेत सोळा वर्षांची तन्वी शर्मा महिला एकेरीच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि त्या ऑक्टोबरात गुवाहाटीच्या जागतिक कनिष्ठ स्पर्धेत तिने रौप्यपदक मिळवले. मुलींच्या एकेरीत त्या स्पर्धेचे पदक आपल्याला त्याआधी मिळाले होते ते २००८ मध्ये, पुण्यात, जेव्हा सायना नेहवालने सुवर्ण जिंकले. गुवाहाटीत भारताने मिश्र सांघिक गटाचे कांस्यही प्रथमच मिळवले. उन्नती हुडा, अनमोल खरब आणि आपल्या नागपूरची मालविका बनसोड याही आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये मलेशियात आशियाई सांघिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत थायलंडविरुद्ध २-२ अशी बरोबरी असताना अनमोलने शेवटचा सामना जिंकून महिला संघाला प्रथमच विजेतेपद मिळवून दिले, तेव्हा ती शाळकरी वयाची होती.

गुणवत्तेची वानवा आपल्याकडे कधीच नव्हती. सिरिल वर्माने २०१५ मध्ये, शंकर मुथुस्वामीने २०२२ मध्ये जागतिक कनिष्ठ रौप्य मिळवले होते. त्याआधी १९९६ मध्ये मुंबईच्या अपर्णा पोपटने ते मिळवले आणि पुढे सलग नऊ राष्ट्रीय विजेतेपदे पटकावली. परंतु कनिष्ठ गटातले पदक आणि वरिष्ठ गटातली पहिली वीस नावे यांच्यामध्ये सतरा ते बावीस या वयाची पाच वर्षे असतात, आणि आपली मुले गळतात ती नेमकी तिथे.

या पाच वर्षांत काय लागते ते एखाद्या पालकाला विचारावे. जागतिक क्रमवारीचे गुण वर्षभरातल्या सर्वोत्तम दहा स्पर्धांवरून मोजले जातात. मोठ्या स्पर्धांत प्रवेश क्रमवारीवर मिळतो, आणि क्रमवारी सुधारण्यासाठी आधी छोट्या स्पर्धांसाठी देशोदेशी फिरावे लागते. तिथे पहिल्या-दुसऱ्या फेरीत हरले तर बक्षिसाची रक्कम विमानाच्या तिकिटाच्या जवळपासही जात नाही. राष्ट्रीय संघात निवड झालेल्यांना मदत मिळते. त्या यादीच्या अलीकडे असलेल्यांची पदरमोड सुरूच राहते. सरावाचा खर्च वेगळाच. बदकाच्या वा हंसाच्या पिसांचे शटल जोरकस स्मॅशच्या सरावात काही मिनिटांत पिसे सोडते आणि तासाभरात कोर्टाच्या कडेला फाटक्या शटलचा ढीग पडतो. अलीकडे पिसांच्या टंचाईमुळे शटलच्या किमती इतक्या चढल्या की छोट्या प्रशिक्षण वर्गांत वापरलेलेच शटल निवडून पुन्हा खेळवले जाते. असे शटल नीट फिरत नाही, त्याची लांबी चुकते, आणि मुलाच्या हाताला चुकीच्या अंतराची सवय लागते. गोपीचंद यांनी २०२५ च्या सुरुवातीला, घरची आर्थिक बाजू भक्कम नसेल तर मुलांना व्यावसायिक खेळाकडे वळवण्यापूर्वी विचार करा, अशा आशयाचे मत मांडले, तेव्हा अनेकांना ते कठोर वाटले. ज्यांनी ही पाच वर्षे जवळून पाहिली आहेत, त्यांना ते तसे वाटले नसावे.

पॅरिसनंतर प्रकाश पदुकोण यांनी खेळाडूंनीही जबाबदारी घ्यावी असे म्हटले होते. १९८० मध्ये सोयी-सुविधा नसताना ऑल इंग्लंड ही मानाची स्पर्धा जिंकणाऱ्या या थोर खेळाडूचा तो अधिकार आहे, आणि आघाडीच्या खेळाडूंबाबत ते म्हणणे मला मान्य आहे. त्यांना परदेशी प्रशिक्षक, फिजिओ, निधी सारे काही मिळते. पण सतरा वर्षांच्या मुलीकडून तीच अपेक्षा धरताना तिला वर्षातून किती चुरशीचे सामने मिळतात, हे आपण आधी मोजले पाहिजे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर आपला वारसा मोठा आहे. पुण्याच्या बॅडमिंटनपटू देवधर भगिनी, १९५६ मध्ये परदेशात विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय ठरलेले सांगलीचे नंदू नाटेकर, आणि गोरेगावच्या कोर्टवर घडून आशियाई सुवर्णापर्यंत गेलेला चिराग. ठाणे महापालिकेने सय्यद मोदी यांच्या नावाने चालवलेल्या प्रशिक्षण योजनेत श्रीकांत वाड यांनी मध्यमवर्गीय घरांतून राष्ट्रीय दर्जाचे खेळाडू घडवले, आणि पालिकेने मनावर घेतले तर काय होऊ शकते हे दाखवून दिले. तरीही वरच्या पायरीवर जाण्यासाठी आजही आपल्या मुलांना हैदराबाद, बंगळुरू किंवा गुवाहाटी गाठावे लागते.

राज्य शासन पदक मिळाल्यावर रोख पारितोषिके जाहीर करते, ते योग्यच आहे. त्यातला थोडा वाटा पदकाआधीच्या वर्षांकडे वळवता येईल. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात राज्यातल्या पहिल्या सोळा मुलांनी आणि सोळा मुलींनी दर महिन्याला तीन दिवस साखळी पद्धतीने खेळावे, त्यांच्यासमोर वरिष्ठ गटातले खेळाडू मानधन देऊन उतरवावेत, आणि प्रवास, निवास व शटलचा खर्च राज्याने उचलावा. दुहेरीच्या जोड्या याच वयात, किमान दोन वर्षे न मोडता, एकत्र ठेवाव्यात, कारण सात्त्विक आणि चिराग यांच्यासारखी जोडी ऐनवेळी जुळवून मिळत नाही. वयाचे खोटे दाखले देणाऱ्यांना या योजनेतून कायमचे वगळावे, म्हणजे खऱ्या सोळा वर्षांच्या मुलाची जागा कोणी बळकावणार नाही.

२०२६ ची जागतिक स्पर्धा दिल्लीला मिळाली आहे आणि त्याच वर्षी आइची-नागोयात आशियाई स्पर्धा आहे, तेव्हा वृत्तपत्रांतून बॅडमिंटनला जागा मिळेलच. आपल्याला एक विनंती आहे. जिल्हा आणि राज्य स्पर्धांचे निकाल केवळ विजेत्याच्या छायाचित्रापुरते न देता उपांत्यपूर्व फेरीपासून प्रत्येक सामन्याच्या गुणांसह छापावेत. कोणता मुलगा तिसऱ्या गेममध्ये १९-२१ असा हरला हे कळले, तर पुढच्या वर्षी त्याच्यावर लक्ष ठेवणारे चार लोक तरी तयार होतील.

आपला विश्वासू,
एक बॅडमिंटनप्रेमी वाचक, ठाणे